सात तारखेची हॅट

दादाच्या थोरल्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी दादाचं डोकं लहान झालं. जुळ्या आल्या तेव्हा दादा दवाखान्यात होता, आणि तो घरी परतला तेव्हा त्या कुशीवर वळायला लागल्या होत्या. चार महिन्यांच्या औषधांनी दादाचे दाट कुरळे केस गेले, गालांचं मांस गेलं, मानेची कातडी सैल झाली. डॉक्टर म्हणाले, सध्या टळलंय, किती दिवसांसाठी ते मला विचारू नका. रोज थोडं चाला एवढंच सांगून त्यांनी कागदावर सही केली.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं एकाच खिडकीपाशी, डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. पण गावात त्याला ओळखायचे ते हॅटांवरून. फेल्टच्या जुन्या हॅटा, आता कोणी बनवत नाही तसल्या. कुणाच्या आजोबांच्या कपाटातून, बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या पेटाऱ्यातून, जुन्या बाजारातल्या ढिगातून त्याने एकेक उचलून आणली होती. ब्रशाने झाडून, वाफ देऊन, काठ सरळ करून ती तो माणसात आणायचा. अशा एकतीस होत्या, जास्त नाहीत नि कमी नाहीत, कारण प्रत्येकीला महिन्याची एक तारीख दिलेली होती. एकीची तारीख दुसरीला नाही. गल्लीतले लोक दादाचं डोकं बघून तारीख सांगत. कोपऱ्यावरचा वाणी तर म्हणायचा, ‘‘आमच्या दुकानात कॅलेंडर नाही, साडेनऊला समोरून जातं.’’

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा आरशासमोर उभा राहिला. सप्टेंबरची नऊ तारीख. वहिनीने नऊचा डबा काढून दिला, तपकिरी हॅट, बारीक काठाची. दादाने ती दोन्ही हातांनी डोक्यावर ठेवली आणि ती सरळ खाली गेली. कानांवर टेकली, पुढून नाकावर आली. वहिनीला हसू फुटलं, आणि मग दादाचा चेहरा हॅटेखालून दिसला तेव्हा तिने ते गिळलं.

‘‘आत कागद घालू,’’ ती म्हणाली. ‘‘चामड्याच्या पट्टीमागे वर्तमानपत्राची घडी सारली की बसेल. सगळे तेच करतात.’’

‘‘मी कागद घालणार नाही.’’

‘‘अहो, कोण बघतंय आत?’’

‘‘मंडळी बघतात.’’

मंडळी म्हणजे जुन्या हॅटांचे शौकीन. दहा-बारा जण होते. दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी स्टेशनसमोरच्या चहाच्या खोलीत जमायचे. तिथली पद्धत ठरलेली होती. दारात आलं की हॅट काढून सगळ्यांना दाखवायची आणि उजवीकडच्याच्या हातात द्यायची. त्याने ती उलटी करून आत बघायचं, पट्टीमागे बोट फिरवायचं, मग पुढच्याला द्यायची. पूर्ण फेरी झाल्यावरच चहा. अकरा वर्षांपूर्वी अशाच फेरीत एक हॅट दादाच्या हातात आली, औषधांच्या दुकानदाराची. दादाचं बोट पट्टीमागे अडकलं. त्याने घडी केलेला कागद ओढून बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि म्हणाला, ‘‘ज्याला कागद लागतो त्याने हॅट घालू नये, हॅटेचा डबा घालावा.’’ लोक पोट धरून हसले. औषधवाल्याचं नाव त्या दिवसापासून ‘कागदवाला’ पडलं, आणि तो परत कधी आला नाही.

आता दादाच्या गळ्यात त्याचाच नियम पडला होता. बोडक्या डोक्याने तो दाराबाहेर पडेना, कागद घालेना. रोज त्या तारखेचा डबा मागून घ्यायचा, हॅट मांडीवर ठेवायचा आणि खिडकीत बसायचा. चालणं बंद. पाय काठीसारखे झाले.

हे सगळं बारकी बघत होती. बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. अठ्ठावन्न वर्षांची, दाराची चौकट भरून टाकणारी बाई, पण घरात ती बारकीच. लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहायची, आणि तीस वर्षं लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी. हॅटांचं तिला काही कौतुक नव्हतं. ‘‘डोकं एक आणि टोप्या एकतीस,’’ असं ती म्हणायची. पण दादाला खिडकीत तसा बसलेला बघून तिच्या मनाने घेतलं.

‘‘दादा, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी काय तारीख येते?’’

‘‘सात.’’

‘‘सात तारखेला तू स्टेशनपर्यंत आपल्या पायांनी जाशील. सात तारखेची हॅट घालून. कागद न घालता.’’

‘‘डोक्यावर थांबली तर ना.’’

‘‘थांबेल. मी थांबवते.’’

दादा हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. पण ते हसणं लहान मुलाला चंद्र आणून देतो म्हणणाऱ्याचं होतं, आणि ते बारकीला झोंबलं.

तिचा विचार साधा होता. हॅट मोठी झाली तर हॅट लहान करायची. फेल्ट म्हणजे शेवटी लोकरच, नाहीतर सशाची लव. लॉन्ड्रीत पाणी जरा जास्त गरम झालं की बापाचा कोट पोराच्या मापाचा होऊन बाहेर येतो, हे तिने तीस वर्षांत सतरा वेळा पाहिलं होतं. जे होऊ नये म्हणून जन्मभर जपलं, तेच आता मुद्दाम करायचं होतं.

पहिला प्रयोग कशावर करायचा? तिने एकतीसचा डबा उचलला. वर्षातून सातदाच डोक्यावर चढणारी हॅट, गेली तर कमीत कमी जाईल. ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात ती डबा लॉन्ड्रीत घेऊन गेली, दुपारी कामं हलकी झाल्यावर हॅट वाफेच्या तोंडाशी धरली. फेल्ट मऊ झालं, ओलं झालं, आणि तिच्या हातांना कळलं की ते आतल्या आत आवळतंय. तिला कोण आनंद झाला. तेवढ्यात करपल्यासारखा वास आला. तिने हॅट उलटी केली. आतली चामड्याची पट्टी गुंडाळत चालली होती, कडक, काळपट, आणि आवळताना पट्टीने शिवण ओढून फेल्टला जागोजागी चुण्या पाडल्या होत्या.

शेजारच्या टेबलावर डाग काढणारी बाई होती. तिची जीभ तिच्या ब्रशाहून खरखरीत. ‘‘काय गं, गवार शिजवतेस की वांगं?’’

‘‘गप बस.’’

‘‘मी बसते, पण हे उठायचं नाही आता.’’

बारकीने हॅट डब्यात घातली, डबा होता तिथे ठेवला आणि वाट बघत बसली. वाट बघण्यासारखं काही नव्हतं, एकतीस तारीख येणारच होती. त्या शुक्रवारी सकाळी दादाने खुर्चीतून हात पुढे केला. ‘‘एकतीसचा दे.’’

तिने डबा त्याच्या मांडीवर ठेवला आणि समोर उभी राहिली. ‘‘उघडायच्या आधी ऐक. मी बिघडवलीय.’’

दादाने झाकण काढलं.  मग टेबलावरचं भिंग घेऊन डोळ्याला लावलं आणि घड्याळ तपासावं तशी हॅट आतून बाहेरून तपासली. त्याचा हात थरथरत होता, पण तो आजारपणापासून थरथरतच होता, त्यामुळे बारकीला काही अंदाज येईना.

‘‘आधी पट्टी उसवून काढायला हवी होती,’’ तो म्हणाला.

‘‘आता कळलं.’’

‘‘बाकीच्यांना हात लावू नकोस.’’

‘‘लावणार.’’

‘‘बारके!’’

‘‘ओरडू नकोस, धाप लागेल. एकतीस होत्या, तीस राहिल्या. त्यांतली एक तरी तू घालतोस का? मग त्या असल्या काय, नसल्या काय. तू म्हणत असशील तर मी आजच सगळे डबे माळ्यावर टाकते. नाहीतर मला करू दे.’’

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, ‘‘माळ्यावर जागा नाही.’’ दादाने तिच्याकडे पाहिलं, मग बारकीकडे, आणि भिंग टेबलावर ठेवलं.

‘‘हे काम येणारा शेवटचा माणूस मेला,’’ तो म्हणाला. ‘‘हॅटवाल्याचं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली. तू कुणाला विचारणार आहेस?’’

बारकीलाही ते माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दादाची औषधं आणायची होती. ती लॉन्ड्रीतून परस्पर औषधांच्या दुकानात गेली, चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि पिशवीही ठेवली. पिशवीतून एकतीसचा काठ बाहेर डोकावत होता. हरलेल्या माणसाने हरलेली वस्तू बरोबर घेऊन हिंडावं तशी ती कालपासून ती हॅट घेऊन हिंडत होती.

औषधवाला अबोल, पातळ, पांढऱ्या कोटातला माणूस. अकरा वर्षं दादाच्या घरची औषधं तोच बांधून द्यायचा, पण गोळ्या कधी घ्यायच्या यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. त्याने बाटल्या मोजता मोजता पिशवीकडे पाहिलं.

‘‘चामडं न काढता वाफ दिलीत.’’

बारकी चमकली. ‘‘तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘मीही पहिल्यांदा हेच केलं.’’

मग हळूहळू, मध्ये गिऱ्हाईक आलं की थांबत, त्याने सांगितलं. त्या रविवारी घरी गेल्यावर त्याने ठरवलं होतं की, हॅट आटवल्याशिवाय परत तोंड दाखवायचं नाही. सगळा हिवाळा तो त्यातच होता. एक हॅट जळाली, एकीचा चेंडू झाला, पुढच्या चार जमल्या.

‘‘मग गेला का नाहीत परत?’’

‘‘जमल्यावर जावंसं वाटलं नाही.’’ त्याने बाटल्या कागदात गुंडाळल्या. ‘‘आणि जिच्यावरून हे सगळं झालं ती वडिलांची होती. बाकी चार आटवल्या, तिला हात लावला नाही. तिच्यात कागद अजून तसाच आहे.’’

 बारकीने चिठ्ठी उलटी केली. ‘‘शिकवा मला. लिहून घेते.’’

‘‘शिकवतो. एकच अट. कुणी शिकवलं ते त्यांच्यापासून लपवायचं नाही.’’

ही अट मानणं सोपं नव्हतं. दादाला कळलं तर तो हॅट डोक्याला लावणार नाही, नुसत्या ऐटीवर खिडकीत बसून मरेल, अशी बारकीला भीती होती. पण तिला खोटं झेपायचं नाही. घरी पोहोचल्यावर चपला काढायच्या आत तिने सांगून टाकलं. ‘‘कागदवाल्याकडून शिकून आलेय. त्याला आटवता येतं. तुझ्यामुळेच शिकला तो.’’

दादाने मान फिरवली. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. वहिनीने बारकीला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘काय सांगितलंस गं त्यांना? मीठही मागत नाहीत.’’ तिसऱ्या दिवशी बारकी कामावर निघाली तर दादा भिंतीला धरून खोलीच्या दारात उभा. काखेत सातचा डबा.

‘‘फीत आधी काढ,’’ तो म्हणाला. ‘‘गाठ कशी होती ते लक्षात ठेव.’’

सातची हॅट हिरवी होती, जुन्या बाटलीच्या काचेसारखी, सशाच्या लवेची. बारकीने फीत उसवली, पट्टी उसवली, गाठीचं चित्र काढून ठेवलं. मग गरम पाणी, मग हलक्या हाताने दाबणं, मग वाफ, पुन्हा पाणी. औषधवाला म्हणाला होता, सशाची लव हट्टी असते, घाई केली की रुसते. सहा दिवस रोज दुपारी तिने तेच केलं. एकेका दिवशी तिला वाटायचं काहीच झालं नाही, आणि टेप लावली की एक रेघ कमी झालेली असायची. अठ्ठावन्न सेंटीमीटरवरून ती छप्पन्नावर आली.

पण माप बसलं म्हणजे आकार बसला असं नाही. डोकं चेंडूसारखं गोल नसतं. औषधवाल्याने लिहून दिलं होतं: लाकडी साचा आता मिळणार नाही, डोकं हाच साचा. ओली हॅट डोक्यावर चढवायची आणि पुरती सुकेपर्यंत उतरवायची नाही. आता दादाच्या डोक्यावर ओलं काही ठेवायची सोय नव्हती, सर्दी झाली तर पुन्हा दवाखाना. बारकीने वहिनीला बोलावलं आणि आरशासमोर बसली. वहिनीने आधी दादाच्या डोक्याला टेप लावली, मग बारकीच्या.

‘‘छप्पन्न,’’ वहिनी म्हणाली. ‘‘तुझंही छप्पन्न. आणि मागून चपटं, त्यांच्यासारखंच. आणि हे डाव्या कानामागचं टेंगूळ!’’

‘‘बाबांचं आहे,’’ दादा खिडकीतून म्हणाला. ‘‘आम्हा दोघांना तेवढंच दिलंय त्यांनी.’’

तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बारकी ओली हिरवी हॅट घालून कामावर गेली. पुरुषाची हॅट, काठातून पाणी ठिबकतंय, आणि खाली बारकीचा लाल, घामेजलेला चेहरा. लॉन्ड्रीत क्षणभर सगळी यंत्रं चालू असून आवाज बंद झाल्यासारखं झालं.

‘‘साहेब आले, साहेब आले!’’ डाग काढणारी उठून उभी राहिली. ‘‘साहेब, छत्री विसरलात का?’’

‘‘काम कर.’’

‘‘साहेबांच्या नाकातून पाणी गळतंय.’’

मालक केबिनमधून बाहेर आला. ‘‘बाई, गिऱ्हाईक काय म्हणेल?’’

‘‘गिऱ्हाईक म्हणेल, ही बाई तीस वर्षं इथे आहे आणि आज हॅट घालून आहे. दुसरं काय म्हणणार?’’

‘‘काढा ती.’’

‘‘सुकली की काढते. उद्या दुपारपर्यंत सुकेल. तोवर मला मागच्या टेबलावर टाका, नाहीतर घरी पाठवा. मी ती काढणार नाही.’’

मालकाने तिच्याकडे पाहिलं, चादरींचा ढीग पाहिला आणि केबिनमध्ये परत गेला. डाग काढणारी थोडा वेळ खुदखुदत राहिली. जेवणाच्या सुट्टीत तिने न मागता एक कोरडा टॉवेल आणून बारकीच्या खांद्यांवर पसरला. ‘‘पाणी पाठीत जातंय तुझ्या,’’ एवढंच म्हणाली.

हॅट सुकली. बारकीने ती उतरवली तेव्हा कपाळावर लाल वळ होता, आणि हॅटेला आतून डाव्या बाजूला टेंगळाची जागा पडली होती.

पट्टीचं काम दादाने मागून घेतलं. फेल्ट आटलं होतं पण चामडं अठ्ठावन्नाचंच होतं, मागच्या जोडापाशी ते कापून कमी करायचं होतं, आणि जुन्याच भोकांतून शिवायचं, नवी भोकं पाडली तर चामडं फाटतं. दादाने भिंग लावलं. हात थरथरायचा, सुई भोकाशी येऊन बाजूला जायची. तो थांबायचा, मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरायचा, पुन्हा. दिवसाला बोटभर शिवण. बारकी शेजारी बसायची, पण मदतीला हात पुढे करायची नाही. तेवढं तिला कळत होतं. पाच डिसेंबरला त्याने शेवटचा टाका घातला आणि दोरा दाताने तोडला.

रविवारी सकाळी दादाने हॅट डोक्यावर ठेवली. ती थांबली. तो वाकला, ताठ झाला, मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. वहिनी म्हणाली, ‘‘आता नाचून दाखवा.’’ त्याने काठी घेतली आणि दार उघडलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो रस्त्यावर आला. वाणी दुकानातून ओरडला, ‘‘अरे, आज सात तारीख वाटतं!’’

स्टेशन उजवीकडे होतं. दादा डावीकडे वळला.

‘‘दादा, इकडे,’’ बारकी म्हणाली.

‘‘मला माहीत आहे स्टेशन कुठे आहे.’’

दर पन्नास पावलांवर थांबत तो औषधांच्या दुकानापर्यंत गेला. रविवार, दुकान अर्धं उघडं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने वर पाहिलं. दादाने हॅट काढली. रस्त्यात, दिवसाउजेडी. त्याचं बोडकं डोकं, त्यावरच्या चार केसांसकट, उन्हात उघडं राहिलं. त्याने हॅट उलटी करून काउंटरवर ठेवली.

‘‘बघा,’’ तो म्हणाला.

औषधवाल्याने पट्टीमागे बोट फिरवलं. सावकाश, पूर्ण गोल. ‘‘शिवण तुमची?’’

‘‘माझी. बाकी हिची, आणि तुमची.’’

‘‘मागे दोन टाके सैल आहेत.’’

‘‘हात हलतो.’’

‘‘चालेल.’’

दादाने हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. ‘‘चला. मंडळी जमली असतील.’’

‘‘माझ्या हॅटेत कागद आहे अजून.’’

‘‘ती घेऊनच चला.’’

औषधवाल्याने हातातली बाटली फळीवर ठेवली. मग आत गेला, काळी हॅट घेऊन आला आणि दुकान ओढून घेतलं.

चहाच्या खोलीत फेरी सुरू झाली. दादाची हिरवी हॅट हातोहात गेली, कुणाच्या बोटाला काही लागलं नाही. मग काळी. ती निवृत्त इंजिन ड्रायव्हरच्या हातात आली तेव्हा त्याचं बोट अडकलं. त्याने मान वर करून दादाकडे पाहिलं, आणि सगळ्या खोलीने पाहिलं. बारकी दारापाशी उभी होती.

‘‘वडिलांची आहे ती,’’ दादा म्हणाला. ‘‘त्यांचं डोकं मोठं होतं. मला त्या वेळी विचारायचं सुचलं नाही. पुढे द्या.’’

ड्रायव्हरने कागद तसाच ठेवून हॅट पुढे दिली. फेरी पूर्ण झाली, चहा आला. कुणीतरी बारकीला खुर्ची दिली आणि म्हणालं, ‘‘तुमची कुठे?’’ ती म्हणाली, ‘‘माझी त्याच्या डोक्यावर आहे.’’

त्यानंतरच्या आठवड्यांत तिने आणि दादाने आणखी अकरा हॅटा आटवल्या. आटवलेली तारीख असेल त्या दिवशी दादा चालायला जायचा, नसेल त्या दिवशी खिडकीत बसून शिवायचा. उरलेल्या अठरा बारकीने पुढच्या वर्षभरात एकटीने केल्या. पट्ट्यांच्या शिवणीला औषधवाल्याने मदत केली. सगळ्या तिच्या डोक्यावर सुकल्या, त्यामुळे सगळ्या तिला नेमक्या बसतात. रोज तारखेची हॅट घालून ती लॉन्ड्रीत जाते आणि एकतीसला बोडक्या डोक्याने जाते. डाग काढणारी अजून ‘साहेब’ म्हणते.

दादा गेला त्या फेरीच्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी, सकाळी पावणेसात वाजता, घरीच.